अर्ध्या चेहऱ्याला करडईचे तेल

चेहऱ्यावर मुरूम असताना त्याच चेहऱ्याला तेल चोळायचे, हा सल्ला आपल्याकडे कोणी सहजासहजी मानत नाही. तेलकट चेहरा म्हणजे मुरूम आणि मुरूम घालवायचे म्हणजे चेहरा कोरडाठाक ठेवायचा, हे समीकरण शाळेच्या वयापासून डोक्यात पक्के बसलेले असते. त्यामुळे साबण, मुलतानी माती, लिंबाचा रस अशी जी जी वस्तू चेहरा ओढून धरते, ती ती आपल्याला गुणकारी वाटते. मी रात्री तेलाने चेहरा स्वच्छ करू लागले आहे, असे स्टाफरूममध्ये सांगितले तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, चेहरा धुताय की फोडणी देताय?" विनोद चांगला होता. मात्र मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि तेलात मिसळणारी घाण तेलानेच निघते, हे दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून देते. तेव्हा निदान ही कल्पना करून पाहण्याजोगी आहे, एवढे मला मान्य करावे लागले.

माझे वय पस्तिशीच्या पुढचे आहे. कपाळ आणि नाक दुपारपर्यंत चमकू लागतात, गाल मात्र कोरडे पडतात, आणि हनुवटीच्या कडेने, जबड्याच्या रेषेवर, पाळीच्या आधीच्या दिवसांत दुखरे आणि आत रुजलेले मुरूम हमखास येतात. त्यात आम्ही सोलापुरात ज्या इमारतीत राहतो तिथे बोअरचे पाणी वापरावे लागते आणि ते इतके जड आहे की बादलीच्या कडेला क्षारांचा पांढरा थर सतत साचलेला असतो. अशा पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो. तो कपड्यांवर बसतो, तसाच त्वचेवरही बसतो. साबणाचा सामू (pH) साधारणपणे ९ ते १० असतो आणि निरोगी त्वचेचा पृष्ठभाग मात्र किंचित आम्लधर्मी, म्हणजे ५ च्या आसपास असतो. चेहरा धुतल्यावर तो चरचरीत ओढल्यासारखा वाटणे म्हणजेच स्वच्छता, असे मी अनेक वर्षे धरून चालले होते, पण त्या ओढण्यामागे त्वचेच्या बाहेरच्या थरातील मेद धुऊन जाणे आणि हा साका मागे राहणे अशा दोन्ही गोष्टी असतात. तेलाकडे मी वळले ती मुरमांच्या आशेने जेवढी, तेवढीच या साबणापासून सुटका व्हावी म्हणून.

या पद्धतीमागचे शास्त्र तसे सोपे आहे. त्वचेतील तैलग्रंथी जो स्राव सोडतात त्याला सीबम म्हणतात. त्यात निम्म्याहून थोडा अधिक भाग ट्रायग्लिसराइड आणि मेदाम्लांचा, सुमारे एक चतुर्थांश भाग मेणासारख्या एस्टरांचा आणि साधारण १२ टक्के स्क्वालीनचा असतो. हे सगळे पाण्यात न विरघळणारे, पण दुसऱ्या तेलात आनंदाने मिसळणारे पदार्थ आहेत. दिवसभर चेहऱ्यावर साचलेले सीबम, त्यात अडकलेली धूळ, काजळ, लिपस्टिक आणि विशेषतः घामाने न निघणारे सनस्क्रीन, हे सारे तेल हळूच सैल करते, आणि त्यासाठी त्वचेला घासावे लागत नाही. एवढ्यापुरता तेलाचा दावा निर्विवाद आहे. त्याच्या पुढचे दावे मात्र तपासून घ्यावे लागतात. वरून तेल लावल्यामुळे तैलग्रंथींना 'तेल पुरेसे आहे' असा निरोप जातो आणि त्या स्राव कमी करतात, असे फार ठिकाणी लिहिलेले आढळते. तैलग्रंथींवर मुख्यतः अँड्रोजन गटातील संप्रेरकांचे नियंत्रण असते. चेहरा कशाने धुतला याची त्या दखल घेतात असे मानायला आधार नाही. मग तो साबण असो, तेल असो, की नुसते पाणी.

मुरूम तयार होण्याची जागाही धुण्याच्या टप्प्यात येत नाही. केसाच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म नळीच्या आतील पेशी नेहमीप्रमाणे झडून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात, त्यांच्यामागे सीबम अडते, तिथे नेहमीच वस्तीला असणारा जिवाणू वाढतो आणि शरीराची प्रतिक्रिया म्हणून सूज येते. (या जिवाणूचे नाव पूर्वी प्रोपिओनिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस असे होते, २०१६ पासून त्याला क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस म्हणतात, औषधांच्या माहितीपत्रकांत जुने आणि नवे अशी दोन्ही नावे दिसल्यास गोंधळू नये.) डोळ्यांना न दिसणाऱ्या पहिल्या अडथळ्यापासून दिसणारा मुरूम होईपर्यंत कित्येक आठवडे जाऊ शकतात. आज दिसणाऱ्या मुरमाची सुरुवात बहुधा मागच्या महिन्यात झालेली असते, ही गोष्ट कोणताही घरगुती उपाय करून पाहताना फार महत्त्वाची ठरते आणि तीच सर्वांत आधी विसरली जाते.

तेलाने अंग स्वच्छ करणे आपल्याला नवे नाही, हे इथे सांगितलेच पाहिजे. नरकचतुर्दशीला पहाटे अंगाला तेल लावून उटण्याने ते काढतो, तान्ह्या बाळाला मालिश करून डाळीच्या पिठाने पुसून घेतो, आणि या दोन्हींत तेलाइतकेच महत्त्व ते काढून घेणाऱ्या पिठाला असते. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक अंगाला तेल लावून ते धातूच्या वाकड्या पट्टीने निपटून काढत असत. जपानमध्ये १९६७ साली रंगभूषाकार शु उएमुरा यांनी आणलेले क्लेन्झिंग ऑइल आजच्या बाटलीबंद प्रकारांचे पूर्वज मानले जाते. अशा तयार तेलांत पायसीकारक द्रव्य मिसळलेले असते, त्यामुळे पाणी लागताच ते दुधासारखे पांढरे होऊन वाहून जाते. म्हणजे तेल लावण्याबरोबर ते पूर्णपणे काढण्याची सोय प्रत्येकाने केलेली होती. स्वयंपाकघरातील दोन तेले एकत्र करून केलेल्या मिश्रणात ही सोय नसते, आणि माझ्या मते या घरगुती पद्धतीचे सारे बरेवाईट याच एका उणिवेभोवती फिरते.

आता तेलांविषयी. प्रचलित कृतीत एक दाट तेल आणि एक पातळ तेल असते. दाट तेल म्हणजे बहुतेक वेळा एरंडेल. तेलकट त्वचेसाठी ते एकूण मिश्रणाच्या तीस टक्क्यांपर्यंत, कोरड्या त्वचेसाठी दहा टक्क्यांच्या आसपास घ्यावे असे सांगितले जाते. एरंडेलातील सुमारे ९० टक्के मेदाम्ले ही रिसिनोलेइक आम्ल या एकाच प्रकारची असतात. त्या रेणूवर एक जादा हायड्रॉक्सिल गट असल्यामुळे रेणू एकमेकांना धरून राहतात आणि तेल मधासारखे घट्ट होते. 'एरंडेल छिद्रांतील घाण ओढून बाहेर काढते' या वाक्याला मात्र मला कोणताही भरवशाचा आधार सापडला नाही. त्याचा खरा उपयोग असा की ते हाताखाली पटकन घसरून जात नाही आणि त्यामुळे कमी दाबात मालिश होते. काही जणांना रिसिनोलेइक आम्लाची अ‍ॅलर्जी असते. लिपस्टिकमधील एरंडेलामुळे ओठ सुजल्याच्या नोंदी त्वचारोगशास्त्रात आहेत. म्हणून कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहिल्याखेरीज ते चेहऱ्यावर नेऊ नये.

पातळ तेलाची निवड हा खरा विचार करण्याचा भाग आहे. परदेशी कृतींत ऑलिव्ह तेल सर्रास सांगितलेले असते. ऑलिव्हमध्ये ओलेइक आम्लाचे प्रमाण फार मोठे असते आणि हे आम्ल त्वचेच्या बाहेरच्या थरातील मेदांची घट्ट रचना विस्कळीत करते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या शेफिल्ड येथील संशोधकांच्या अभ्यासात प्रौढांच्या हातांवर ऑलिव्ह तेल काही आठवडे लावल्यावर त्वचेचा संरक्षक थर कमकुवत झालेला आढळला, सूर्यफुलाच्या तेलाने मात्र तसे झाले नाही. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात लिनोलेइक आम्ल अधिक असते. आणि लिनोलेइक आम्लाचा विषय निघाला की सोलापूरच्या माणसाला करडईची आठवण होणे साहजिक आहे, कारण करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात लिनोलेइक आम्ल ७० टक्क्यांहून अधिक असते आणि आमच्या जिल्ह्यात, तसेच मराठवाड्यात, रब्बीच्या कोरडवाहू रानात ज्वारीबरोबर करडई पूर्वापार पेरली जात आली आहे. काटेरी पीक असल्यामुळे काढणीला माणसे कुरकुरतात, क्षेत्रही पूर्वीइतके राहिलेले नाही, तरी लाकडी घाण्यावर करडईचे तेल अजून मिळते.

लिनोलेइक आम्लाचे मुरमांशी नाते केवळ ऐकीव नाही. मुरूम असणाऱ्यांच्या सीबममध्ये या आम्लाचे प्रमाण कमी असते, हे निरीक्षण जुने आहे आणि १९८६ साली त्यावरून मुरमांच्या कारणमीमांसेचा एक सिद्धान्तही मांडला गेला. १९९८ मधील एका छोट्या अभ्यासात महिनाभर लिनोलेइक आम्ल लावल्यावर सूक्ष्म अडथळ्यांचा आकार सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्याचे नोंदवले गेले. हे वाचून मी हुरळले होते, हे खरे. पण त्या अभ्यासात मोकळे आम्ल त्वचेवर लावून तसेच ठेवले होते आणि करडईच्या तेलात ते ग्लिसरॉलला बांधलेल्या स्वरूपात असते. शिवाय आपण ते मिनिट-दीड मिनिट चोळून पुसून टाकतो. एवढ्या वेळात ते नळीच्या तळाशी जाऊन काही दुरुस्ती करील, अशी अपेक्षा ठेवणे रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला तरी शोभणारे नाही. करडई निवडण्याचे माझे कारण त्यामुळे अधिक साधे उरले: ती त्वचेच्या थराला उपद्रव देण्याची शक्यता कमी, ती पातळ असल्यामुळे पुसायला सोपी, आणि ती घरात होतीच.

खोबरेल तेलाविषयी वाचक विचारतील म्हणून लिहिते. तेलांना शून्य ते पाच असे 'छिद्रे बुजवण्याचे' गुण देणारी एक यादी सगळीकडे फिरत असते आणि तीत खोबरेलाला चार गुण आहेत. ही यादी मुळात सशाच्या कानावर केलेल्या चाचण्यांतून आली. क्लिगमन आणि मिल्स यांनी १९७२ साली सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरमांविषयी मांडणी केली, तेव्हा हीच पद्धत वापरली होती. सशाच्या कानाची त्वचा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील असते, आणि पुढे माणसांवर केलेल्या चाचण्यांत 'वाईट गुणांचे' घटक असलेली तयार प्रसाधने नेहमीच मुरूम आणतात असे दिसले नाही. तेव्हा ती यादी पंचांगासारखी वाचू नये. तरीही मुरूम येणाऱ्या चेहऱ्यासाठी खोबरेल मी निवडणार नाही, कारण ते जाड थर धरते आणि घरगुती पद्धतीत ते पूर्ण निघत नाही. मोहरीचे तेल जळजळते, ते चेहऱ्यापासून दूर ठेवावे. जोजोबा रसायनदृष्ट्या तेल नसून द्रवरूप मेण आहे आणि सीबममधील मेणासारख्या एस्टरांच्या जवळचे आहे. ज्यांना परवडते त्यांनी ते जरूर वापरावे.

मिश्रणात टी-ट्री तेलाचे थेंब टाकण्याचा सल्लाही असतो. पाच टक्के टी-ट्री तेलाच्या जेलची पाच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरमांवरील नेहमीच्या औषधाशी तुलना करणारा ऑस्ट्रेलियातील १९९० चा अभ्यास प्रसिद्ध आहे, आणि त्यात टी-ट्री तेल सावकाश का होईना उपयोगी पडले होते. परंतु तिथेही ते त्वचेवर राहत होते. पुसून टाकायच्या मिश्रणात त्याचा फायदा थोडा आणि जुने झाल्यावर त्वचा चुरचुरण्याचा धोका जास्त, असा हिशेब करून मी ते वगळले.

मी एक भाग एरंडेल आणि तीन भाग करडईचे तेल असे प्रमाण घेतले आणि गडद काचेच्या लहान बाटलीत एका वेळी साधारण ३० मिलिलिटरच केले. जास्त लिनोलेइक आम्ल म्हणजे हवेशी लवकर होणारा संयोग, म्हणजेच खवटपणा. खवट तेलातील पेरॉक्साइडे त्वचेला त्रास देतात, आणि सोलापूरच्या चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हाळ्यात खिडकीत ठेवलेली बाटली फार दिवस टिकत नाही. एरंडेल औषधाच्या दुकानातून घ्यावे, त्यात सुगंध किंवा इतर काही मिसळलेले नाही हे पाहावे. रात्री कोरड्या हातांवर अर्धा चहाचा चमचा तेल घेऊन कोरड्या चेहऱ्यावर बोटांच्या पेरांनी मिनिट-दीड मिनिट हलकेच फिरवायचे, मग कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कपडा काही क्षण चेहऱ्यावर ठेवायचा आणि दाबत दाबत पुसायचे. कडकडीत पाणी नको आणि घासणेही नको. घर्षणानेही मुरूम चिघळतात. या ठिकाणी आमच्या शहराचा अभिमान असलेला जाड टेरी टॉवेल बाजूला ठेवावा लागला. त्याचे फासे चेहऱ्याला फार लागतात. जुन्या मलमली ओढणीचे चौकोनी तुकडे कापून घेतले, ते उत्तम चालले.

आता प्रयोगाविषयी. संपूर्ण चेहऱ्यावर एखादा उपाय केला आणि मुरूम कमी झाले, तर ते उपायाने झाले की पाळीचे चक्र पुढे सरकल्याने, हवामानाने किंवा आपोआप झाले, हे कधीच कळत नाही. त्वचारोगतज्ज्ञ औषधांची तुलना करताना कधीकधी एकाच माणसाच्या चेहऱ्याच्या दोन बाजूंना दोन औषधे लावतात. मीही तेच केले. साबण दोन्ही बाजूंनी बंद केला. डाव्या बाजूला तेल आणि ओला कपडा, उजव्या बाजूला साबणविरहित सौम्य फेसवॉश आणि तसलाच ओला कपडा. धुण्याचे पाणी पिण्याच्या फिल्टरचे. आणि दर रविवारी सकाळी एकाच खिडकीजवळ उभे राहून दोन्ही बाजूंचे फोटो. कपाळाच्या मधोमध सीमा आखून अर्ध्या नाकाला तेल लावणारी बाई आरशात फार गंभीर दिसत नाही, आणि सासूबाईंनी दार लोटून एकदा पाहिल्यावर काही न बोलता ते परत ओढून घेतले. उन्हाळा संपून पावसाळा बराच सरेपर्यंत मी हे चालवले, कारण आधी सांगितलेल्या कारणाने दोन-तीन आठवड्यांत काढलेला निष्कर्ष निरुपयोगी ठरला असता. एक त्रुटी मात्र मान्य आहे: मी डाव्या कुशीवर झोपते आणि उशीचे कापड त्या गालाला अधिक लागते.

पहिल्या काही दिवसांतच डाव्या बाजूला बोटांखाली बारीक कणी लागू लागली. या पद्धतीचे चाहते यालाच छिद्रांतील घाण बाहेर आल्याचा पुरावा मानतात. नाकावर जे करडे ठिपके दिसतात त्यांतील बहुतेक ब्लॅकहेड्स नसून सीबमच्या बारीक तंतुमय शलाका असतात. त्या प्रत्येकाच्या नाकावर असतात, मालिशने त्यांतील काही बाहेर येतात आणि महिन्याभरात पुन्हा भरतात. काही कण तर त्वचेच्या झडलेल्या पेशी आणि कपड्याचे तंतू एकत्र वळून झालेले असतात. डावी नाकपुडी उजवीपेक्षा गुळगुळीत झाली, ही गोष्ट फोटोतही दिसत होती आणि तेलाने मला दिलेला हा सर्वांत स्पष्ट लाभ होता. सनस्क्रीन काढण्याच्या बाबतीतही डावी बाजू उजवीपेक्षा पुष्कळ सरस ठरली. उजवीकडे फेसवॉश दोनदा लावावा लागे.

मुरमांचे काय झाले? गालांवरील लहान लाल पुटकुळ्या दोन्ही बाजूंनी कमी झाल्या. दोन्ही बाजूंनी, आणि जवळजवळ सारख्याच. चेहऱ्याचे ओढणे दोन्हीकडे थांबले, दोन्हीकडील कोरडी सालपटे गेली. मी संपूर्ण चेहऱ्याला तेल लावले असते तर याचे सगळे श्रेय करडईला देऊन मोकळी झाले असते, आणि तसे मनापासून लिहिलेही असते. परंतु उजव्या अर्ध्याने तेल पाहिलेच नव्हते. दोन्ही बाजूंना समान असलेल्या गोष्टी म्हणजे साबण बंद होणे, जड पाणी टळणे, मऊ कपडा आणि हलका हात. सुधारणा बहुधा यांच्यामुळे झाली. तेलाने मुरूम बरे केल्याच्या ज्या असंख्य हकिकती आपण वाचतो, त्यांतील कितीतरी जणांनी तेल सुरू करताना त्याच दिवशी एखादा कडक साबण, दाणेदार स्क्रब किंवा स्पिरिटयुक्त टोनर सोडलेला असतो, आणि सोडलेल्या वस्तूविषयी कोणी लिहीत नाही.

पावसाळ्यात आणखी एक घडले. डाव्या कपाळावर, केसांच्या रेषेलगत, एकसारख्या आकाराच्या बारीक खाजऱ्या पुळ्या उठल्या. उजवीकडे त्या नव्हत्या. 'आधी वाढते, मग बरे होते. विष बाहेर पडते आहे' हे स्पष्टीकरण अशा वेळी तयार असते. सुरुवातीला मुरूम वाढणे हे अ‍ॅडापलिनसारख्या मुरमांवर लावायच्या औषधांच्या बाबतीत घडते, कारण ती औषधे नळीतील पेशींची झड वेगवान करतात. धुण्याच्या तेलात तसा कोणताही गुण नाही, म्हणून तेलाने पुळ्या वाढल्या तर तेल सोसत नाही असेच समजावे. मी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी सांगितले की या मुरूम नसून मॅलासेझिया नावाच्या यीस्टमुळे केसांच्या मुळांना आलेली सूज आहे. हे यीस्ट सर्वांच्या त्वचेवर असते, त्याला स्वतःची मेदाम्ले तयार करता येत नाहीत, आणि घाम, दमट हवा व वर राहिलेला तेलाचा पातळ थर अशी मेजवानी मिळाली की ते माजते. कीटोकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाने ते आटोक्यात आले. तेलाचे श्रेय आणि दोष दोन्ही एकाच उणिवेपाशी येऊन थांबतात असे मी वर म्हटले, ते यासाठी: ओल्या कपड्याने तेल पुसले जाते, पण निघून जात नाही.

पिठाने काढून पाहावे म्हणून मसुरीचे पीठ लावले, पण सुजलेल्या मुरमावर पीठ फिरवणे म्हणजे घासणेच झाले. अंगाला जे चालते ते चिघळलेल्या चेहऱ्याला चालत नाही. त्यानंतर तेल पुसल्यावर तोच सौम्य फेसवॉश एकदा लावून धुण्याचा क्रम सुरू केला आणि पुळ्या परत आल्या नाहीत. कपड्यांचीही शिस्त लागते. एकदा वापरलेला तुकडा गरम पाण्यात साबणाने धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय पुन्हा घेऊ नये. सोलापुरात हे वर्षातील आठ-नऊ महिने सोपे आहे, मात्र कोकणात किंवा मुंबईत आषाढ-श्रावणात दोरीवरचा कपडा दिवसेंदिवस ओलसर राहतो आणि तेलाचा अंश असलेल्या ओल्या कपड्याला वास धरायला वेळ लागत नाही. तिथे राहणाऱ्यांनी इस्त्री फिरवावी, नाहीतर पावसाळ्यापुरते हे सारे प्रकरण बंद ठेवावे.

राहिला प्रश्न जबड्यावरील दुखऱ्या मुरमांचा. त्यांच्यात डावे-उजवे करण्यासारखा काहीही फरक पडला नाही, आणि तसा पडण्याचे कारणही नव्हते. त्यांचे मूळ संप्रेरकांत आहे आणि ते वरून पुसण्याच्या कक्षेबाहेर आहे. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, वजन कारण नसताना वाढत असेल, तर तेलाच्या बाटल्या बदलत बसण्याऐवजी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून पीसीओएसची, म्हणजे बीजांडकोशांशी संबंधित संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणी करून घेणे योग्य. माझ्या तपासण्या ठीक आल्या. डॉक्टरांनी रात्री लावायला ०.१ टक्का अ‍ॅडापलिन दिले. हरभऱ्याच्या दाण्याएवढे जेल सगळ्या चेहऱ्याला पुरते, परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि गर्भधारणेचा विचार असेल तर ते वापरायचे नसते. म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. जबड्यावरील मुरूम कमी झाले ते त्याने. औषधाच्या दुकानात नुसते सांगून मिळणारी, चेहरा आठवड्यात गोरा आणि नितळ करणारी मिश्र क्रीमे मात्र कोणी घेऊ नयेत. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असते, सुरुवातीला चेहरा खरोखरच उजळतो, आणि पुढे त्यानेच मुरूम, लाली आणि पातळ झालेली त्वचा मागे राहते. त्या तुलनेत घाण्याचे तेल फारच निरुपद्रवी म्हणायचे.

सध्या मी तेल वापरते ते सनस्क्रीन किंवा मेकअप लावलेल्या दिवशी, रात्रीच, आणि त्यानंतर सौम्य फेसवॉश ठरलेला. सकाळी नुसते पाणी. अ‍ॅडापलिन लावायचे असते त्या रात्री चेहरा धुतल्यावर पंधरा-वीस मिनिटे पूर्ण कोरडा होऊ देते, कारण ओलसर त्वचेवर ते अधिक चुरचुरते. एरंडेलाचे प्रमाण पावसाळ्यात एकास चारपर्यंत खाली आणले आहे, त्यामुळे कपड्याच्या एकाच फेरीत बरेचसे निघते. ज्यांना पुवाने भरलेले मुरूम मोठ्या प्रमाणात आहेत, ज्यांच्या डोक्यात कोंडा आणि कपाळावर खाजऱ्या पुळ्या असे दोन्ही आहे, किंवा ज्यांची औषधे आधीच चालू आहेत, त्यांनी हा खटाटोप करू नये. साबण सोडून सौम्य फेसवॉश आणि शक्य असल्यास जड नसलेले पाणी एवढे आधी करून पाहावे, आणि त्यालाही दोन-अडीच महिने द्यावेत. स्टाफरूममधल्या मॅडमनी अलीकडे माझ्याकडून करडईच्या घाण्याचा पत्ता नेला आहे. पण तो, त्यांनी स्पष्टच सांगितले, फोडणीसाठी.